व्यक्तिचित्र : हयातीतले आणि मागाहूनचे

एखाद्या विशिष्ट माणसाची ओळख पटेल आणि त्याच्या स्वभावाचाही काही अंदाज येईल असे जे चित्र काढले जाते त्याला व्यक्तिचित्र म्हणतात, आणि ते तैलरंगात असले की बोलण्यात सरसकट तैलचित्र हाच शब्द येतो. असे चित्र चित्रकाराकडून मुद्दाम काढवून घेण्याची प्रथा राजवाडे, न्यायालये आणि नाट्यगृहे यांच्यापुरतीच उरली आहे असा समज असला, तरी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत राहणाऱ्या चित्रकारांकडे मध्यमवर्गीय कुटुंबांची अशी कामे आजही येतात. मात्र त्यांतली पुष्कळशी कामे माणूस गेल्यानंतर येतात. वर्षश्राद्ध जवळ आलेले असते, घरात एकच बरा फोटो असतो, तोही कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, आणि त्यावरून हुबेहूब चित्र हवे असते. चित्रकार आपले कसब पणाला लावून ते काढून देतो. परंतु व्यक्तिचित्राची खरी ताकद ज्या गोष्टीत आहे, म्हणजे चित्रकार आणि माणूस यांनी एका खोलीत समोरासमोर घालवलेल्या वेळात, ती गोष्ट या व्यवहारातून आधीच वजा झालेली असते. ज्या कुटुंबाला आपल्या माणसाचे चित्र हवे आहे त्याने ते त्याच्या हयातीतच काढवून घ्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते ते याचमुळे.

छायाप्रकाशाने चेहऱ्याची घनता दाखवणारी युरोपीय पद्धतीची व्यक्तिचित्रे मराठी मुलखात समोर बसून काढवून घेतली गेली, त्याचे ठळक जुने उदाहरण पेशवाईच्या उत्तरार्धातले आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. नाना फडणवीस म्हटल्यावर जो लांबट, कृश आणि सावध चेहरा मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बऱ्याच अंशी वेल्सच्याच चित्रातून आलेला आहे. त्या काळात पुण्यात मॅलेटच्या पुढाकाराने एक छोटी चित्रशाळाही निघाली आणि गंगाराम तांबट हा मराठी कलावंत तिथे तयार झाला. टिपूविरुद्ध १७९० मध्ये झालेल्या तहाचा दरबारप्रसंग एका मोठ्या चित्रात यावा अशी मॅलेटची इच्छा होती आणि त्यासाठी वेल्सने दरबारातील माणसांचे प्रत्यक्ष पाहून अभ्यास केले होते. पण साष्टी बेटावरील लेण्यांच्या चित्रांचे काम चालू असतानाच १७९५ च्या नोव्हेंबरात त्याचा मृत्यू झाला. साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरे ज्या बेटावर पसरली आहेत तेच बेट. अपुरे राहिलेले दरबारचित्र पुढे थॉमस डॅनिएल याने वेल्सच्या अभ्यासांवरून इंग्लंडमध्ये १८०५ साली पुरे केले आणि ते आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. दहा वर्षांनी आणि हजारो मैलांवर ते चित्र पूर्ण होऊ शकले, कारण समोर बसलेल्या माणसाकडे पाहून केलेली टिपणे शिल्लक होती. ती नसती तर मॅलेटला पैसे मोजूनही पुणे दरबारातल्या माणसांचे चेहरे मिळाले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाला संस्थानिकांचा आणि मुंबईच्या धनिकांचा आश्रय मिळाला. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतून समोरच्या वस्तूचे आणि माणसाचे काटेकोर निरीक्षण करून चित्र काढण्याचे शिक्षण मिळू लागले, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि प्रदर्शनांतून गिऱ्हाईक व चित्रकार यांची गाठ पडू लागली. राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे घराघरांत पोचली असली, तरी त्यांच्या मिळकतीचा आणि दरबारी प्रतिष्ठेचा मोठा आधार व्यक्तिचित्रे हाच होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपासून अनेक संस्थानिकांची चित्रे त्यांनी काढली, आणि त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या रोजनिशीत दोघा भावांच्या मुंबईतल्या अशा कामांच्या नोंदी सापडतात. १८९४ मध्ये रविवर्मांनी शिळाछापाचा कारखाना काढला तो घाटकोपरला. पुढे काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला गेला. या कारखान्याने देवदेवतांची चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर आणली, पण त्याच भिंतीवर घरच्या आजीचे रंगवलेले चित्र आणणे कोणत्याही छापखान्याच्या आवाक्यातले नव्हते. देवाची प्रतिमा हजारोंनी छापता येते. एका माणसाचे चित्र मात्र त्या एका घरासाठी एकदाच काढावे लागते, आणि म्हणूनच ते नेहमी महाग राहिले.

सार्वजनिक वास्तूंमधून जी व्यक्तिचित्रे लोक रोज पाहतात त्यांतील बरीचशी मागाहूनची आहेत. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहात लोकमान्य टिळकांचे जे तैलचित्र आहे ते गोपाळ देऊस्कर यांनी काढलेले असून १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. टिळक १९२० मध्ये गेले तेव्हा देऊस्कर अवघे आठ-नऊ वर्षांचे होते, त्यामुळे ते चित्र छायाचित्रे आणि इतर साधने यांच्या आधारानेच उभे राहिले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातही देऊस्करांनीच रंगवलेली बालगंधर्वांची पुरुषवेशातील आणि स्त्रीवेशातील भव्य रूपे आहेत. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांच्यापुढचा प्रश्न तर याहून अवघड होता, कारण शिवछत्रपतींच्या काळात छायाचित्र नव्हतेच आणि उपलब्ध होती ती सतराव्या शतकातली लहान आकाराची, बहुतेक एका बाजूने चेहरा दाखवणारी चित्रे. त्यांनी काढलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. या चित्रांचा दर्जा पाहता मागाहून काढलेले चित्र कमअस्सलच असते असे म्हणता येत नाही. परंतु टिळकांसारख्या माणसाची विविध प्रसंगांची छायाचित्रे, पाहिलेल्यांची वर्णने आणि सगळ्या देशाच्या मनात ठसलेली प्रतिमा चित्रकाराला उपलब्ध असते. भांडुपच्या चाळीत आयुष्य काढलेल्या, गिरणीत नोकरी केलेल्या आजोबांचे तसे नसते. त्यांचे दोन-तीनच फोटो असतात, आणि ते कसे बोलत, कसे बसत हे सांगू शकणारी माणसेही हळूहळू कमी होत असतात. सामान्य माणसाचे चित्र हयातीत काढवून घेण्याची निकड थोरांपेक्षा जास्त आहे ती यासाठी.

समोर बसून चित्र काढवून घेण्याला चित्रकारांच्या बोलीत सिटिंग म्हणतात, आणि मराठीत त्यालाच बैठक म्हणता येईल. सर्वसाधारण पद्धत अशी की चित्रकार पहिल्या बैठकीत रंगांना हातही न लावता गप्पा मारतो, पेन्सिलीने किंवा कोळशाने दोन-चार झटपट रेखाटने करतो आणि माणूस थकला की त्याचे खांदे कसे पडतात, ऐकताना मान कुठल्या बाजूला कलते, हसू आधी डोळ्यांत येते की ओठांत, हे पाहून ठेवतो. त्यानंतरच्या बैठकीत कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगाने चेहऱ्याचे मोठे भाग, म्हणजे उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू, एवढेच मांडले जातात. मग रंगाचे थर चढतात, आणि शेवटच्या टप्प्यात डोळे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडा येतात. एका बैठकीला साधारण दोन तास धरले, त्यात दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती दिली, तर खांद्यापर्यंतच्या चित्राला तीन ते सहा बैठका लागू शकतात. वयस्कर माणसाला एवढे बसवत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे दोन छोट्या बैठका प्रत्यक्ष घ्यायच्या, त्यांतच चित्रकाराने स्वतः छायाचित्रे काढायची आणि उरलेले काम आपल्या खोलीत त्या छायाचित्रांवरून करायचे. आज बहुतेक चित्रकार असेच काम करतात. त्यात कमीपणा काही नाही, कारण ज्याने माणूस पाहिला आहे त्याच्या हातातला फोटो आणि ज्याने पाहिलेला नाही त्याच्या हातातला फोटो यांत फार अंतर आहे. पहिल्याला फोटो आठवण करून देतो, दुसऱ्याला मात्र फोटोवरच सगळा विश्वास टाकावा लागतो.

जवळच्या माणसाला समोर बसवून काय साधते याची दोन उदाहरणे मुंबईच्याच परंपरेत आहेत. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जगप्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता हिने दिवा हातात घेऊन तासन्‌तास उभे राहण्याचे कष्ट घेतले होते. अलीकडच्या काळात ज. जी. कलाशाळेचेच विद्यार्थी असलेले मुंबईचे वासुदेव कामत यांना अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार २००६ साली मिळाला, तो ‘माय वाइफ’ या पत्नीच्या चित्रासाठी. दोन्ही चित्रे कोणी पैसे देऊन काढवून घेतलेली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोजच्या सहवासातून माणसाची जी माहिती चित्रकाराला आपोआप मिळते ती परक्या गिऱ्हाइकाच्या कामात मुद्दाम मिळवावी लागते, आणि ती मिळवू देणे हे काम देणाऱ्याच्या हाती असते. म्हणून चित्रकाराला एक संध्याकाळ घरी जेवायला बोलावणे हे आगाऊ रक्कम देण्याइतकेच महत्त्वाचे समजावे.

उजेडाचा प्रश्न उपनगरातल्या घरांत विशेष जाणवतो. व्यक्तिचित्रासाठी एका बाजूने येणारा, स्थिर आणि मऊ उजेड लागतो, कारण चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत असली तरच गालाचे हाड, नाकाचा कणा आणि डोळ्यांची खोबण यांची घडण दिसते. छताच्या ट्यूबलाइटखाली किंवा समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये हे सगळे सपाट होऊन जाते. चित्रशाळांना उत्तरेकडे खिडक्या ठेवण्याची जुनी रीत आहे ती यामुळे, की उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्याने उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेडाची दिशा बदलत नाही. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे या नियमाला एक अपवाद पडतो : मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यातला मोठा काळ ढगाळ पावसाचा असल्यामुळे व्यवहारात फारसे बिघडत नाही, आणि ढगांतून गाळून येणारा पावसाळी उजेड चेहऱ्याला तर फारच चांगला. बोरिवली किंवा मुलुंडच्या लहान फ्लॅटमध्ये समोरची इमारत हाताच्या अंतरावर असते आणि तिच्या रंगाचा पडसाद खोलीत येतो. भिंत पिवळी असली की सावलीतला गालही पिवळट दिसतो. अशा वेळी खिडकीला पांढरी चादर लावणे, दिवे बंद करणे आणि माणसाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर तिरके बसवणे एवढ्याने निम्मे काम होते.

चित्रकाराचे पाहणे किती बारकाईचे असते हे चष्म्यावरून कळते. लांबचे दिसण्यासाठी उणे नंबरचा चष्मा वापरणाऱ्या माणसाच्या काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली असते आणि डोळा लहान दिसतो. जुन्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जाड, अधिक नंबरच्या काचेमागे तोच डोळा मोठा आणि काहीसा पाणीदार दिसतो. फोटोवरून घाईने काम करणारा माणूस डोळे आधी काढतो आणि वरून चष्म्याची चौकट बसवतो, आणि घरचे लोक म्हणतात की चित्र चांगले आहे, पण आजी काही आजी वाटत नाही. कुंकवाचेही तसेच आहे. कपाळ सपाट नसते, म्हणून बाजूने पाहताना गोल कुंकू किंचित लंबवर्तुळ होते आणि त्याचा लाल रंग सावलीच्या बाजूला काळपट होतो. टिकली चिकटवल्यासारखा एकसारखा लाल ठिपका काढला की सगळा चेहराच कागदी वाटू लागतो. ओठांचे कोपरे, खालच्या पापणीची ओलसर कड आणि कानाच्या पाळीवर दागिन्याच्या वजनाने लांबलेले भोक, अशा जागांत माणसाचे वय आणि आयुष्य दिसते. या जागा गुळगुळीत करून द्या असे सांगणारे कुटुंब पैसे देऊन आपल्याच माणसाची ओळख पुसून घेत असते. रंग उजळ करून द्या ही मागणी तर मराठी घरांतून फार होते, आणि चित्रकाराने ती विनयाने पण ठामपणे नाकारावी. सावळ्या कांतीत तांबूस, जांभळट आणि हिरवट छटांची जी श्रीमंती असते ती रंगवण्यात भारतीय चित्रकाराच्या हाताची खरी परीक्षा आहे.

माणूस हयात नसेल तर सगळी भिस्त छायाचित्रांवर येते, आणि तिथे एका फोटोऐवजी सगळे फोटो चित्रकाराला द्यावेत. पासपोर्टच्या फोटोतून डोके समोरून कळते, लग्नाच्या गर्दीतून मान वळवण्याची ढब कळते, तरुणपणीच्या फोटोतून हाडांची ठेवण कळते, कारण हाडे वयाबरोबर फारशी बदलत नाहीत. मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष भिंगापेक्षा अंतराचा असतो, म्हणून हयात माणसाचे फोटो काढताना सहा-सात फूट मागे उभे राहून, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात काढावेत. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवायचा असेल तर त्या माणसाच्या सख्ख्या बहिणीला किंवा मुलाला चित्रकारासमोर बसवणे हा उत्तम मार्ग आहे, कारण कांतीचा रंग, हातांची ठेवण आणि कानांचा आकार रक्ताच्या नात्यात पुष्कळदा सापडतो. कपाटात जपून ठेवलेले लुगडे, टोपी किंवा उपरणे प्रत्यक्ष द्यावे. जरीच्या काठाचा रंग फोटोत कधीच खरा येत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी : फोटोवर संगणकात ब्रशचे फटकारे उमटवून तो कॅनव्हासवर छापायचा आणि वरून पारदर्शक रंगाचा हात मारून तैलचित्र म्हणून विकायचा, हा धंदा मोठा आहे. छापील प्रत स्वस्त असते आणि कुणाला ती हवी असेल तर तिच्यात गैर काही नाही, पण ती रंगवलेल्या चित्राच्या भावाने घेतली जाऊ नये. तिरक्या उजेडात पाहिले की खऱ्या रंगाचे उंचसखल थर दिसतात, आणि ते चेहऱ्याच्या घडणीप्रमाणे वळलेले असतात.

चित्रकार निवडताना त्याची कामे मोबाइलवर न पाहता प्रत्यक्ष पाहावीत, आणि आपल्याला जसे चित्र हवे तशीच कामे पाहावीत. तरुण मॉडेलची सुंदर चित्रे काढणाऱ्याला म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्यांची घडण जमेलच असे नाही, आणि लहान मुलांचे चेहरे तर सर्वांत अवघड, कारण त्यांच्यात धरून ठेवायला रेषाच नसतात. ज्यांना अंदाज घ्यायचा आहे त्यांनी काळा घोड्याला जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर बसणाऱ्या चित्रकारांकडून आधी एखादे झटपट रेखाटन करून घ्यावे. समोर बसणे म्हणजे काय याचा अनुभव थोडक्या पैशांत मिळतो. उपनगरांतही मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी चित्रकला शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांचे मूळ शिक्षण रंगचित्रकलेचेच असते आणि त्यांतले काही जण व्यक्तिचित्रात तयार असतात, हे पालकांच्याही सहसा लक्षात येत नाही.

किंमत ठरते ती आकार, माध्यम, चेहऱ्यांची संख्या, हात दाखवायचे की नाही आणि पार्श्वभूमी व वस्त्रे किती तपशिलात हवीत यांवर, आणि अर्थात चित्रकाराच्या नावावर. प्रौढ माणसाचे डोके साधारण नऊ इंच उंच असते, त्यामुळे खांद्यापर्यंतचे जवळजवळ खऱ्या आकाराचे चित्र १८ बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर नीट बसते. हात आणि खुर्ची आली की ३० बाय ४० पर्यंत जावे लागते आणि मग ते चित्र उपनगरातल्या दिवाणखान्यात लांबून पाहायला जागाच उरत नाही. हात असलेले चित्र महाग का असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर हे की एक हात नीट रंगवायला चेहऱ्याइतकाच वेळ जातो. कोळशाचे किंवा पेस्टलचे चित्र तैलचित्रापेक्षा स्वस्त आणि लवकर होणारे असते, आणि चांगल्या हातून आलेले कोळशाचे चित्र मध्यम हातून आलेल्या तैलचित्राहून केव्हाही श्रेष्ठ, ही गोष्ट काम देणाऱ्यांनी मनावर घ्यावी. अंधेरीत ज्या कंपनीचे बस्तान होते ती दांडेकरांची, १९३१ मध्ये सुरू झालेली कॅमलिन आपल्या कॅमल रंगांमुळे मराठी घरांना परिचित आहे, पण कोणत्या कंपनीचे रंग वापरायचे हे चित्रकारावर सोडावे. विचारायचे ते एवढेच, की रंग उजेडात टिकणाऱ्या प्रतीचे आहेत ना.

व्यवहार तोंडी ठेवू नये. एका पानावर आकार, माध्यम, रक्कम, हप्ते, बैठकांची संख्या, मुदत आणि दुरुस्त्या कोणत्या टप्प्यावर सांगायच्या हे लिहून दोघांनी सही केली की पुढचे बहुतेक तंटे टळतात. दुरुस्ती सांगण्याची योग्य वेळ चेहऱ्याची मांडणी झाल्यावर आणि बारकावे सुरू होण्यापूर्वी असते. वाळलेल्या चित्रात मान वळवून मागणे म्हणजे नवे चित्र मागणे. घरातल्या कोणी एकानेच अंतिम होकार द्यायचा हेही लिहून ठेवावे, कारण बायकोला आठवणारा नवरा, मुलीला आठवणारे वडील आणि भावाला आठवणारा भाऊ ही तीन वेगळी माणसे असतात, आणि तिघांचे समाधान करू पाहणारे चित्र कोणासारखेच दिसत नाही.

कायद्याची बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या कलम १७ मधील तरतुदीनुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन व्यक्तिचित्र काढले असेल तर, उलट करार झालेला नसल्यास, त्या चित्राचा पहिला स्वामित्वहक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे त्या चित्राच्या प्रती छापणे, दिनदर्शिकेवर घालणे किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरणे याचा अधिकार कुटुंबाचा, आणि चित्रकाराला ते चित्र आपल्या कामाच्या जाहिरातीत छापायचे असेल तर त्याने परवानगी घ्यायची. मात्र याच कायद्याचे कलम ५७ चित्रकाराला दोन गोष्टी राखून देते : चित्र आपले आहे असे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी त्या चित्राची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क. हे हक्क स्वामित्वहक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही राहतात. म्हणून कोपऱ्यातली सही चौकटीखाली झाकणे किंवा दुसऱ्याकडून चेहरा सुधारून घेणे उचित नाही. चित्रकारांनीही आपले काम प्रदर्शनात मांडण्याची मुभा त्या एका पानात लिहून घ्यावी. बहुतेक कुटुंबे आनंदाने देतात.

तैलचित्र हाती आल्यावर ते वाळले असे समजू नये. जवसाच्या तेलातील रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तर हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. वरून काही दिवसांत कोरडा लागला तरी आतून त्याला महिने लागतात. म्हणूनच शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यायचे असते, आणि त्यासाठी चित्र परत चित्रकाराकडे न्यायचे किंवा त्याने घरी यायचे हे आधीच ठरवून ठेवावे. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कॅनव्हास सैल पडतो आणि मागच्या बाजूला बुरशी धरते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बुचाचे तुकडे ठेवून हवा खेळती राहू द्यावी, आणि सैल पडलेला कॅनव्हास मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून ताणता येतो हे ज्याने चित्र काढले त्याच्याकडूनच शिकून घ्यावे. पश्चिमेच्या खिडकीतले संध्याकाळचे ऊन थेट चित्रावर येत असेल तर जागा बदलावी. तैलचित्राला काच लागत नाही. जलरंग, पेस्टल आणि कोळसा यांना मात्र लागते, आणि ती कागदाला टेकलेली नसावी.

उपनगरांत सध्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे आणि एकेका कुटुंबाला काही वर्षांत दोनदा घर हलवावे लागते; जुनी चित्रे हरवतात, फाटतात किंवा कुणाची होती हेच कळेनासे होते ते अशा हलवाहलवीत. चित्राच्या रंगवलेल्या बाजूला प्लॅस्टिकचे बुडबुड्यांचे वेष्टन थेट लावू नये, कारण त्याचे ठसे रंगावर उमटतात. आधी गुळगुळीत कागद आणि मग वेष्टन. मोठे चित्र चौकटीवरून काढून गुंडाळणे भागच पडले तर रंगवलेली बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावे, आत ठेवली तर रंगाच्या थराला सुरकुत्या पडून तडे जातात. आणि काम पुरे झाले त्याच दिवशी मागच्या लाकडी पट्टीवर, कॅनव्हासवर नव्हे, मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात : ज्याचे चित्र आहे त्याचे पूर्ण नाव व जन्मसाल, चित्रकाराचे नाव, चित्र काढल्याचे साल आणि ठिकाण, आणि ते समोर बसून काढले की फोटोवरून.